पायपट्टीखालचं शिसं

श्रीधर गोवंडे कुठल्याही दुकानात शिरले की तराजूच्या काट्याकडे बघत नसत. ते वाकून पारड्याखाली बघत. काटा सगळ्यांनाच दिसतो, म्हणून काट्यात कुणी लबाडी करत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. वजनमापे खात्यात तीस वर्षं इन्स्पेक्टरकी केल्यावर हे वाकणं त्यांच्या अंगातच मुरलं होतं. १९८३ साली ते निवृत्त झाले तरी ते गेलं नाही. पंगतीत वाढप्याच्या हातातला डाव केवढा आहे ते आधी बघत. डॉक्टरने नाडी धरली की हे त्याचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून घेत. पत्नी मंदाकिनीबाई म्हणत, "आमच्याकडे पाहुणे टिकत नाहीत. दारात आल्याआल्या हे त्यांचं वजन करतात."

शनिवार पेठेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत एकच वस्तू अशी होती, की तिच्याखाली वाकून बघावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं. ती म्हणजे मांडीवर आडवी घेऊन वाजवायची हवाइयन गिटार. तरुणपणी कॅम्पातल्या एका गोवेकर वादकाकडे ते ती शिकले. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादी रूळ तारांवरून सरकवायचा. संध्याकाळी ऑफिसातून आले की तासभर वाजवत. फार चांगलं नाही, वाईटही नाही. त्या तासात मात्र ते कुणावर संशय घेत नसत.

१९६१ साली एका रविवारी सकाळी रेडिओवर परदेशी केंद्र चाचपडताना त्यांना एक वाद्य ऐकू आलं. आवाज त्यांच्याच गिटारीचा, पण त्यात भलतंच काही घडत होतं. तीन सूर एकत्र लागले होते आणि त्यातला एकच हळूहळू वर चढला. बाकीचे दोन जागचे हलले नाहीत. पोलादी रुळाने असं होणं शक्य नाही. रूळ सरकला की त्याखालच्या सगळ्या तारा एकदम सरकतात. गोवंडे कान रेडिओला लावून बसले. दोन माणसं वाजवत असणार, आणि एकच वाजवतोय असं भासवत असणार, असा निकाल त्यांनी दिला.

चार वर्षांनी रद्दीच्या दुकानात एका अमेरिकन मासिकात चित्र सापडलं. चार पायांवर टेबलासारखी उभी गिटार, खाली ओळीने पायपट्ट्या. पट्टी दाबली की आतल्या तरफा ठरावीक तारच तेवढी ताणतात. पेडल स्टील गिटार असं त्याखाली छापलं होतं. गोवंड्यांनी ते पान कापून ऑफिसच्या फायलीत ठेवलं. असलं वाद्य बाहेरून मागवणं त्या काळी त्यांच्यासारख्याला जमण्यासारखं नव्हतं. पण तरफा म्हटलं की पुण्यात एकच माणूस त्यांच्या डोळ्यासमोर येई. भवानी पेठेतला मैनुद्दीन मिस्त्री.

मैनुद्दीन तराजू दुरुस्त करणारा परवानेदार कारागीर होता. दांडीच्या मधोमध जी पोलादी धार असते, जिच्यावर सगळा तराजू तोललेला असतो, ती त्याच्यासारखी कुणाला घासता येत नसे. पण त्याचा परवाना दरवर्षी गोवंड्यांच्या सहीने नवा होई. ज्याच्या कागदावर आपण सही करतो त्याच्याकडे चहासुद्धा प्यायचा नाही, हा गोवंड्यांचा नियम. तेव्हा त्याच्याकडून गिटार करून घेणं हे निवृत्तीनंतरच. ते अठरा वर्षं थांबले.

मध्ये १९७१ साल होतं. रविवार पेठेतल्या एका धान्याच्या दुकानात गोवंडे नेहमीसारखे वाकले आणि पारड्याच्या बुडाशी त्यांना शिशाचा एक गोळा दिसला. वरून पारड्याचाच रंग फासलेला. आठच दिवसांपूर्वी तो तराजू मैनुद्दीनकडून दुरुस्त होऊन आला होता. दुकानदार म्हणाला, मिस्त्रीने केलं. मिस्त्री म्हणाला, मी नाही केलं. गोवंड्यांनी अहवालात दोघांची नावं लिहिली. मैनुद्दीनचा परवाना सात महिने अडकला. पुढे पुरावा नाही म्हणून प्रकरण मिटलं. नंतरही मैनुद्दीन रस्त्यात भेटला की हात कपाळाला लावून "साहेब" म्हणे. त्या सात महिन्यांबद्दल त्याने कधी अवाक्षर काढलं नाही. गोवंड्यांना ते न काढलेलं अक्षरच जास्त खुपत असे.

निवृत्तीच्या तिसऱ्या दिवशी ते मासिकाचं पान घेऊन त्याच्या दुकानात गेले. मैनुद्दीनने चष्मा पुसला, पान उजेडात धरलं आणि चित्रातल्या तरफांवरून बोट फिरवलं.

"साहेब, हा तराजूच आहे," तो शेवटी म्हणाला. "फक्त ह्यात माल ठेवायचा नाही."

"जमेल?"

"वेळ लागेल. घाई असेल तर अमेरिकेला जा."

सव्वा वर्ष लागलं. १९८५ च्या जानेवारीत हातगाडीवरून गिटार आली. अंग शिसवीचं, मधासारखं पॉलिश केलेलं. दहा तारा, तीन पायपट्ट्या. आतल्या तरफा ॲल्युमिनियमच्या, ओतून हाताने कानशीने घासलेल्या, आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या म्हणजे चक्क सायकलचे स्पोक. प्रत्येक तरफ तराजूच्या दांडीसारखी पोलादी धारेवर टेकलेली. गोवंड्यांनी मधली पट्टी दाबली. सगळ्यात बारीक तारेचा सूर वर चढला. त्यांनी पाय उचलला. सूर खाली आला आणि आपल्या जागी जाऊन बसला, एखादा माणूस ऑफिसातून येऊन आपल्याच खुर्चीत बसावा तसा. चोवीस वर्षांपूर्वी रेडिओत ऐकलेलं ते आता त्यांच्या पायाखाली होतं. मंदाकिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन ऐकत उभ्या राहिल्या, हेच खूप होतं.

पहिला महिना असा गेला की गोवंडे सकाळचा पेपरसुद्धा दुपारी वाचत. फडक्याने एकेक तार पुसत. शिसवीच्या रेषा कुठून निघतात आणि कुठे जातात ते बोट फिरवून बघत. साठीला आलेल्या बोटांत अजून चार-पाच वर्षांचं बळ असेल, तेवढ्यात हे वाद्य आपलं करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मग फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी चारच्या सुमाराला मैनुद्दीन दारात उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी.

"इकडे आलो होतो," तो म्हणाला.

बसला, चहा घेतला, गोवंड्यांनी वाजवलेलं ऐकलं. जाताना खिशातून छोटा पेचकस काढून एक स्क्रू केसभर फिरवला आणि गेला. मार्चच्या पहिल्या रविवारी परत आला. एप्रिलच्याही. दर वेळी "इकडे आलो होतो". भवानी पेठेतला माणूस दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार वाजता शनिवार पेठेत कशाला येतो? गोवंड्यांना या धंद्याच्या खोड्या पाठ होत्या. काही मिस्त्री दुरुस्तीत मुद्दाम एक बारीक दोष ठेवून देतात, म्हणजे दुकानदाराला पुन्हा बोलवावं लागतं. आणि हा तर न बोलावता येत होता.

त्यांनी वही घातली. सूर तपासायला त्यांच्याकडे, आपटला की एकच ठरलेला सूर देणारा, पोलादी स्वरकाटा होता. दोन सुरांत बारीक फरक असला की एकत्र वाजताना आवाज लाटेसारखा हलतो. दहा सेकंदांत किती लाटा ते मोजायचं. सकाळी सातला तीन. दुपारी दोनला आठ. मैनुद्दीन येऊन गेल्यावर दोन. वहीचे रकाने भरत गेले आणि वाजवणं कमी होत गेलं. एखादी चाल सुरू करायची, दुसऱ्या ओळीत पट्टी दाबायची, की कान टवकारायचा, थांबायचं, काटा आपटायचा.

"उन्हाने होत असेल," मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"एवढं?"

"पावसाळ्यात आपल्या कपाटाचं दार लागत नाही. त्या सुताराचंही तुमच्याशी वैर आहे का?"

"सुताराचा परवाना मी अडकवला नव्हता."

आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं होतं.

मे महिन्याच्या अखेरीला त्यांनी गिटारीचे पाय काढले, गादी पसरली आणि ती उताणी ठेवली. तेल घालायला, असं मंदाकिनीबाईंना सांगितलं. पोटातल्या तरफा उघड्या झाल्या. बॅटरीच्या उजेडात ते एकेक बघत गेले आणि मधल्या पट्टीच्या तरफेशी थांबले. तिच्या शेपटाकडे रुपयाएवढं गोल भोक होतं, आत शिसं ओतलेलं, आणि वरून काळा रंग फासलेला. बाकीच्या दोन तरफांना तसलं भोक नव्हतं.

दुकानातल्या वजनांनाही बुडाशी असंच भोक असतं. त्यात शिसं असतं आणि शिशावर इन्स्पेक्टरची मोहोर. मोहोर नसलेलं, रंगाखाली लपवलेलं शिसं म्हणजे काय, हे गोवंड्यांना कुणी सांगायला नको होतं. चौदा वर्षं त्यांच्या मनात एक दार अर्धवट उघडं होतं. ते आता पूर्ण उघडलं. तेव्हाही यानेच केलं होतं. आपण बरोबर होतो. त्यांना आनंद झाला, आणि त्या आनंदाची चव तोंडात गंजासारखी होती.

पेचकस आणि हातोडी घेऊन अर्ध्या तासात त्यांनी ते शिसं कोरून काढलं. घरातल्या सोनाराच्या काट्यावर तोललं. एकेचाळीस ग्रॅम. पाकिटात घालून वर तारीख, वेळ, वजन लिहिलं.

"अहो, इथे सही करा. पंच म्हणून."

मंदाकिनीबाईंनी पाकीट वाचलं आणि परत दिलं. "मी नाही करणार. मी आरोपीच्या बाजूची आहे."

गिटार उभी केली. मधली पट्टी दाबली, सूर वर गेला. पाय उचलला. सूर खाली आला, पण पूर्ण आला नाही. कुठेतरी उंबऱ्याच्या अलीकडेच उभा राहिला. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. स्वरकाटा आपटला. दहा सेकंदांत एकवीस लाटा. तार उतरवून बघितली, तर दाबल्यावरचा सूर अपुरा पडू लागला. दोन दिवस ते स्क्रू पिळत राहिले. तिसऱ्या दिवशी जमिनीवर आडवं पडून ते त्या पट्टीकडे बघत होते, तेव्हा त्यांना कळलं.

पट्टी लोंबकळत होती. पितळी पट्टीचं स्वतःचं वजन काडीवर येत होतं आणि काडी तारेला ओढून धरत होती. जाड तारांना एवढं वजन कळत नाही. बारीक तारेला कळतं. तरफेच्या दुसऱ्या टोकाचं ते शिसं पट्टीचं वजन तोलायला होतं. रिकाम्या पारड्यांत फरक असला की हलक्या बाजूला थोडं वजन ठेवून दांडी समतोल करतात, त्याला धडा म्हणतात. खात्यात नव्याने आलेल्या पोरांना धडा म्हणजे काय हे वीस वर्षं गोवंडेच शिकवत होते. आणि रंग? रंग सगळ्याच तरफांना होता. काड्या गंजू नयेत म्हणून पोटातलं सगळंच काळं केलेलं होतं. तो रंग त्यांना त्या एकाच ठिकाणी दिसला होता.

त्यांनी शिशाचा तुकडा परत भोकात ठोकून बघितला. तो पेचकसाने चिंबला होता. तासाभरात खाली पडला.

जूनचा पहिला रविवार आला. चार वाजता मैनुद्दीन आला. "इकडे आलो होतो."

"आज वाजवत नाही," गोवंडे म्हणाले. "हात दुखतोय."

मैनुद्दीनने त्यांच्या हाताकडे बघितलं, मग गिटारीकडे. त्याची नजर मधल्या पट्टीवर थांबली. ती शेजारच्या दोघींपेक्षा दोऱ्याइतकी खाली होती. तो चहा बशीत ओतून सावकाश प्यायला. मंदाकिनीबाईंना "येतो वहिनी" म्हणाला आणि उठला. या वेळी पेचकस खिशातून निघाला नाही.

"कळलं त्यांना," जिन्यातली पावलं विरल्यावर मंदाकिनीबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"साखर कमी पडली होती. दर वेळी मागतात. आज मागितली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवंडे पाकीट घेऊन भवानी पेठेत गेले. दुकानात मैनुद्दीनची सून आबेदा बसली होती. मामू आत आहेत, येतील, म्हणाली. कोण आलंय ते कळल्यावर तिने त्यांना नीट निरखलं.

"त्या गिटारवाले साहेब तुम्हीच का? माझ्या सायकलीचे स्पोक तुमच्याकडे आहेत. सायकल भिंतीला टेकून उभी आहे, वर्ष झालं."

"मला माहीत नव्हतं."

"त्यांना म्हटलं, बाजारात मिळतात की. तर म्हणे, बाजारातले नवे असतात, ताणलेले नसतात, भरवसा नाही."

मैनुद्दीन बाहेर आला आणि ती उठून आत गेली. गोवंड्यांनी पाकीट त्याच्यासमोर ठेवलं. त्याने चष्मा लावून वरचा मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचला.

"माझं नाव घालायचं राहिलं, साहेब."

"घातलं नाही."

"का?"

"खात्री नव्हती."

मैनुद्दीनने पाकीट उलटं करून शिसं तळहातावर घेतलं. "एकाहत्तरला होती?"

गोवंड्यांनी त्या तळहाताकडे बघितलं.

"नव्हती," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आजवर मनातसुद्धा पूर्ण केलेलं नव्हतं. आता ते त्या लोखंडी भुग्याच्या वासात, दांड्या आणि पारड्यांच्या मध्ये पडलं होतं, आणि उचलून परत खिशात घालता येत नव्हतं.

"मग लिहिलंत का?"

"एकाचं नाव लिहून दुसऱ्याला सोडलं असतं तर लोक म्हणाले असते, पैसे खाल्ले."

"म्हणजे लोकांनी तुमच्याखाली वाकून बघू नये म्हणून."

गोवंड्यांनी मान हलवली. मग इतकी वर्षं अडवून धरलेला प्रश्न त्यांनी विचारला. "मिस्त्री, ते तुम्ही घातलं होतं का?"

मैनुद्दीन थोडा हसला. "तेव्हा दुकानात येऊन असं बसून विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही उभ्यानेच लिहून निघून गेलात." त्याने शिसं लोखंडी पळीत टाकलं आणि स्टोव्हला पंप मारू लागला. "आज सांगून काय उपयोग? नाही म्हटलं तरी तुम्ही घरी जाऊन तोलणार."

शिसं वितळलं. त्याने शेजारच्या डब्यातला आणखी एक तुकडा त्यात टाकला, एका साच्यात ओतलं, आणि थंड झाल्यावर गोल चकती कागदात बांधून दिली. तिच्या मधोमध आरपार भोक होतं, स्क्रूने आवळायला.

"हे मुद्दाम जड ठेवलंय. चाकूने थोडंथोडं तासा. पट्टी दाबा, सोडा, ऐका. सूर घरी परतला की थांबा. पुढे गेलात तर तासलेलं परत चिकटत नाही."

"तुम्ही येऊन बसवून द्या ना."

"नको साहेब. मी बसवलं की तुम्ही परत गिटार उताणी करणार."

चकती बसवली तेव्हा पट्टी उलट वरच उचलली गेली. गोवंडे तासायला लागले. रोज सकाळी नखाएवढा शिशाचा काप. काप काढला, दाबली, सोडली, स्वरकाटा आपटला, लाटा मोजल्या. चौदा. अकरा. सहा. पाचव्या दिवशी तीन. आठव्या दिवशी दोन. मग त्यांना भीती वाटू लागली. पंखा चालू असताना दोन येत, बंद केला की एक. सकाळी एक, जेवणानंतर दोन. कधी आपणच मनात शेवटची लाट वाढवतो की काय असं वाटे. आजवर चूक कुणाची हे बघायला समोर कुणीतरी असे. आता चाकू त्यांच्या हातात, कान त्यांचे, शिसंही त्यांच्याच तळहातावर. संशय घ्यायला खोलीत दुसरं कुणी उरलं नव्हतं.

नवव्या दिवशी चाकू हातात धरून ते तासभर नुसते बसून राहिले.

"अहो," मंदाकिनीबाई आतून म्हणाल्या, "एप्रिलपासून एक अख्खी चाल ऐकलेली नाही. अर्धी चाल आणि टिंग, अर्धी चाल आणि टिंग. माणसाने कुठवर सोसायचं?"

गोवंड्यांनी चाकू खिडकीत ठेवला. नख्या चढवल्या. एक जुनी चाल धरली, तरुणपणी पहिल्यांदा बसवलेली. दुसऱ्या ओळीत पट्टी आली. त्यांनी दाबली, सूर चढला, पाय सुटला. सूर परत आला की नाही हे ऐकायला ते थांबले असते, पण डावा हात पुढच्या सुरावर सरकला होता आणि त्याला थांबवता आलं नाही. तिसरी ओळ आली. चौथी. चाल संपली तेव्हा त्यांना कळलं, की मधला तो सूर त्यांनी तपासलाच नाही. आता तो कुठेच नव्हता.

त्यांनी मैनुद्दीनला कार्ड टाकलं. "पहिल्या रविवारी यावे. पट्टी परत येते असे वाटते." लिहून झाल्यावर शेवटच्या शब्दांकडे ते बघत राहिले. तीस वर्षांच्या अहवालांत त्यांनी "असे वाटते" कधी लिहिलं नव्हतं. खोडावं असं मनात आलं, पण कार्ड खराब झालं असतं.

जुलैच्या पहिल्या रविवारी मैनुद्दीन आला नाही. गोवंड्यांनी चारला खिडकी उघडली आणि सहाला बंद केली. दुसऱ्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी चार वाजून गेल्यावर जिन्यात पावलं वाजली. तोच इस्त्रीचा शर्ट. इकडे आलो होतो, असं मात्र तो म्हणाला नाही. खुर्ची ओढून बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

गोवंड्यांनी तीच जुनी चाल वाजवली. मैनुद्दीनने डोळे मिटून ऐकली. तो त्या मधल्या सुराला किंचित दचकला, की मान हलवली, हे गोवंड्यांना नीट कळलं नाही. बरोबर आहे का, असं विचारायला त्यांचं तोंड उघडलं. बरोबर आहे, असं तो नक्की म्हणाला असता. आणि ते खरं म्हणून म्हणाला की वहिनींचा चहा घेतलाय म्हणून, हे पुढे कितीही वर्षं तोललं तरी समजलं नसतं.

त्यांनी विचारलं नाही. खिडकीतला चाकू अजून तिथेच होता. मैनुद्दीनला तो दिसला असावा. गोवंड्यांनी रूळ उचलला आणि दुसरी चाल सुरू केली.